न लागलेला कॉल कुठे मोजतात? : दूरसंचार धोरणाच्या प्रशिक्षणापासून ट्रायला उत्तर पाठवेपर्यंत

नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या पुढे, सातपुड्यातल्या एका पाड्यावर रेशन दुकानदार महिन्यातले चार-पाच दिवस ई-पॉस मशीन पिशवीत घालून टेकडी चढतो. वर मोहाच्या एका झाडाखाली दोन काड्या रेंज येते. कार्डधारक मागोमाग चढतात, अंगठा लावतात, पावती घेतात आणि धान्य न्यायला परत खाली दुकानात येतात. फेब्रुवारी 2022 मध्ये मी तिथे उभी होते. एक आजी लुगड्याच्या पदराला अंगठा पुसून पुसून मशीनवर ठेवत होत्या. अंगठा जुळला, तोवर रेंज गेली. दुकानदार भाऊ म्हणाले, "मॅडम, थांबा थोडं, वारं फिरलं की टावर येतो." आजी सावलीत बसून राहिल्या, अर्धा तास.

मी शहाद्याजवळच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. त्या दिवसानंतर काही महिने मी आणि माझे काही विद्यार्थी धडगावच्याच अक्राणी तालुक्यातल्या सहा पाड्यांवर फिरलो. फोन कुठून लागतो, त्यासाठी किती चालावं लागतं, 108 ला फोन करायचा तर काय करतात, हे वहीत लिहून घेतलं. भाषेचा प्रश्न विद्यार्थ्यांनी सोडवला. त्यातले तिघे घरी पावरीच बोलतात, त्यामुळे लोक माझ्याशी जे बोलले नसते ते त्यांच्याशी बोलले. वही भरली, पण पुढे तिचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. तहसीलला निवेदन दिलं, जिल्ह्याला दिलं, पोच मिळाली. एवढंच.

ती वही पुढे ट्रायपर्यंत, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणापर्यंत, कशी पोचली ते इथे क्रमाने लिहिते आहे. अशी वही घेऊन बसलेले आणखी बरेच जण असतील, त्यांना याचा उपयोग व्हावा.

जुलै 2022 मध्ये एका प्राध्यापक मैत्रिणीने ईमेल पुढे पाठवला. दक्षिण आशियातल्या तरुण संशोधकांसाठी आणि नागरी संस्थांसाठी श्रीलंकेत पाच दिवसांचा निवासी अभ्यासवर्ग होता. विषय होता, दूरसंचार नियमनाच्या प्रक्रियेत पुराव्यानिशी भाग कसा घ्यायचा. विमानाचं तिकीट आणि राहणं-जेवण आयोजकांकडून. माझी पहिली प्रतिक्रिया "हे आपल्यासाठी नाही" अशीच होती. मी इंजिनिअर नाही, वकील नाही. स्पेक्ट्रम म्हणजे काय ते मला पुस्तकी व्याख्येपलीकडे सांगता आलं नसतं. मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यांना इंजिनिअर हवे असते तर त्यांनी इंजिनिअर बोलावले असते. तुझ्याकडे वही आहे."

अर्जात तीन गोष्टी हव्या होत्या. बायोडेटा, शिफारसपत्र, आणि पाचशे शब्दांत तुमच्या देशातला एक दूरसंचार प्रश्न. मी पहिला मसुदा ग्रामीण भारत, डिजिटल दरी अशा मोठमोठ्या शब्दांनी भरला. तो फाडला आणि मोहाच्या झाडापासून पुन्हा सुरुवात केली. असा अर्ज करताना आपण पाहिलेली एक जागा आणि एक माणूस पहिल्या चार ओळींत येऊ द्या. बाकीचं मागून येतं. मुदत 31 ऑगस्टची होती. मी 29 तारखेला पाठवला, कारण आमच्याकडे शेवटच्या दिवशी वीज असेलच याची खात्री नसते.

उत्तर 14 ऑक्टोबरला आलं. निवड झाली होती आणि माझ्याकडे पासपोर्ट नव्हता.

पासपोर्टचा साधा अर्ज ऑनलाइन भरला, फी 1500 रुपये. मला मिळालेली सर्वात जवळची तारीख नाशिकच्या सेवा केंद्रातली होती, 2 नोव्हेंबर. आदल्या रात्री जाऊन लॉजवर राहिले. जाणं-येणं, राहणं, जेवण मिळून साधारण अठराशे रुपये लागले. केंद्रातलं काम दीड तासात झालं. अडलं ते पोलीस पडताळणीत. आधार कार्डावर माहेरचा पत्ता, राहते कॉलेजजवळ भाड्याने. भाडेकरार होता, पण तो नोंदणीकृत नव्हता. दोनदा हेलपाटा झाला. शेवटी बँकेच्या पासबुकावर आताचा पत्ता होता तो चालला. पासपोर्ट हातात पडला 9 डिसेंबरला. तुमचा कुठलाही बाहेरदेशी अर्ज विचाराधीन असेल तर निवडीची वाट न बघता पासपोर्ट आधी काढून ठेवा. त्या आठ आठवड्यांत मला नीट झोप लागत नव्हती.

त्याच काळात कॉलेजकडून ना-हरकत पत्र आणि कर्तव्यरजा हवी होती. माझा अर्ज दोन टेबलांमध्ये पाच आठवडे फिरला, कारण "हा विषय अर्थशास्त्राचा कसा?" अशी शंका कोणीतरी फाइलवर लिहिली होती. मी एका पानाचं स्पष्टीकरण जोडलं. दरनिश्चिती, स्पर्धा, सार्वत्रिक सेवेसाठीचा निधी, हे सगळं अर्थशास्त्रच आहे असं त्यात लिहिलं. मंजुरी 20 जानेवारीला आली. श्रीलंकेचा ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवासपरवाना, मात्र एका दिवसात मिळाला. त्यात पर्यटन आणि व्यवसाय असे वेगळे प्रकार असतात. कार्यशाळा आणि प्रशिक्षण व्यवसायाच्या प्रकारात येतं, पर्यटनाचा भरू नका.

12 फेब्रुवारी 2023 ला रात्रीच्या बसने मुंबई, तिथून कोलंबो. विमानतळ कोलंबो शहरात नाही, उत्तरेला कटुनायकेला आहे, आणि आमचं राहण्याचं ठिकाण तिथून जवळच, नेगोंबोच्या बाजूला होतं. आयुष्यातला माझा पहिला विमानप्रवास. बोर्डिंग पास जपून ठेवा, बसची तिकिटंही. परताव्यासाठी मूळ प्रती मागितल्या गेल्या आणि मुंबईपर्यंतच्या प्रवासाचे पैसे एप्रिलमध्ये मिळाले, तेही तिकिटं जवळ होती म्हणून.

वर्गात नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार आणि भारतातले मिळून बावीस जण होतो. पहिल्या दिवशी इतिहास झाला. भारतात 1994 च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं, पण परवान्यासाठी लावलेल्या बोली कंपन्यांना झेपल्या नाहीत. 1999 च्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली आणि तिथून बाजार हलला. म्यानमारच्या मुलीने सांगितलं की तिच्या लहानपणी सिमकार्ड ही श्रीमंतांची वस्तू होती, आणि 2014 मध्ये नव्या परवानाधारक कंपन्या आल्यावर तेच सिम 1500 क्यातला (क्यात हे तिथलं चलन) मिळू लागलं. तिच्या वडिलांनी रांगेत उभं राहून घेतलेलं पहिलं सिम तिने जपून ठेवलं आहे. कायद्यातली एक ओळ घरात कशी पोचते, ते मला त्या सिममुळे दिसलं.

वाचायला दिलेल्या साहित्यात कोलंबोच्या लर्नएशिया या संस्थेची सर्वेक्षणं होती. या क्षेत्रात आशियात संशोधक घडवण्याचं काम तिने 2004 पासून लावून धरलं आहे. तिचे संस्थापक रोहन समराजीव हे श्रीलंकेच्या दूरसंचार नियामक आयोगाचे माजी महासंचालक. कॅनडाच्या आयडीआरसी या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या मदतीने त्यांनी गरिबांच्या फोनवापराची सर्वेक्षणं केली. 2006 ची फेरी भारत, पाकिस्तान, श्रीलंका, फिलिपिन्स आणि थायलंड अशा पाच देशांत झाली, 2008 मध्ये बांगलादेशही आला. सरकारी आकडे किती जोडण्या दिल्या ते मोजतात. यांनी माणसाला विचारलं, तू शेवटचा फोन कधी केलास आणि कोणाच्या फोनवरून? स्वतःचा फोन नसलेले असंख्य लोक फोन वापरत होते, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे त्यांना ग्राहक मानायला हवं होतं, आणि कोणी मानत नव्हतं. माझ्या वहीतले प्रश्न नकळत त्याच जातीचे होते. ते वाचून मला फार धीर आला.

सगळ्यात महत्त्वाचा दिवस तिसरा.

मी गटासमोर माझी मागणी मांडली, "अक्राणीत टॉवर हवेत." प्रशिक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, "हे कोणाच्या टेबलावर जाणार? सही कोण करणार?" मी म्हटलं, ट्राय. त्या म्हणाल्या, "ट्राय टॉवर उभारू शकते का?" मला उत्तर येत नव्हतं. मग त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. परवाना आणि स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइलच्या रेडिओलहरींचे पट्टे, देतो तो दूरसंचार विभाग. 1997 च्या कायद्याने आलेली ट्राय परवान्यांबाबत शिफारस करते, पण दर आणि सेवेचा दर्जा यांचे नियम स्वतः करते. 2000 च्या दुरुस्तीनंतर तंटे ऐकतं ते टीडीसॅट हे न्यायाधिकरण. आणि जिथे कंपन्यांना परवडत नाही तिथे पैसा देणारा सार्वत्रिक सेवा निधी, जो पुढे 2023 च्या दूरसंचार कायद्याने डिजिटल भारत निधी झाला. टॉवरची मागणी चौथ्या चौकोनाची होती. आणि त्या चौकोनात कागदावर हालचाल झालेलीही होती. नोव्हेंबर 2021 मध्ये पाच राज्यांतल्या 44 आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांमधल्या 7,287 गावांसाठी 4जीची योजना मंजूर झाली होती, महाराष्ट्र त्यात होता, आणि नंदुरबार हा आपल्या राज्यातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. जुलै 2022 मध्ये देशभरातल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटींची दुसरी योजना आली. मी वर्षभर तहसीलच्या पायऱ्या चढत होते आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनीच वाट दाखवली. "ट्रायकडे काय मागता येईल ते शोध. तिच्या हातात मोजमाप आहे." मग मी दर्जाचे नियम वाचायला बसले. कॉल तुटण्याची मर्यादा 2 टक्के, हे आपण बातम्यांत ऐकतो. ती मोजतात कशी? 2017 च्या दुरुस्तीनंतर पद्धत अशी होती की नव्वद टक्के सेल (सेल म्हणजे टॉवरच्या एकेका अँटेनाचा टापू) नव्वद टक्के दिवशी त्या मर्यादेत बसले तर कंपनी त्या अटीत उत्तीर्ण. आणि हे मोजायचं परवाना क्षेत्रभर. आपलं महाराष्ट्र परवाना क्षेत्र म्हणजे मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा. पुणे, पणजी आणि धडगाव एका ताटात. उरलेल्या दहा टक्क्यांत अख्खा अक्राणी तालुका सहज मावतो. त्याहून मोठी गोष्ट मला जेवणाच्या रांगेत उभं असताना सुचली आणि मी ताट ठेवून लिहायला धावले. कॉल तुटायला आधी तो लागावा लागतो. मोहाच्या झाडाखालचा अर्धा तास कुठल्याच रकान्यात येत नाही. जिथे टॉवरच नाही तिथला तुटलेल्या कॉलचा आकडा शून्य.

त्याच दिवशी सरावाची खोटी सुनावणी होती. तीन जणांचं नियामक मंडळ आणि प्रत्येक गटाला सात मिनिटं. आमच्या गटात काठमांडूचा एक वकील आणि चितगावची एक पत्रकार होती. दोघांनी माझं निवेदन निर्दयपणे कापलं. आजींचा प्रसंग चार ओळींचा झाला, पण राहिला. मंडळाने विचारलं, "तुमच्या सूचनेचा खर्च कोण सोसणार?" आम्ही अडखळलो. नियामकाला दोन्ही बाजू ऐकायच्या असतात, म्हणून कंपनी काय म्हणेल ते आपणच आधी लिहून त्याला उत्तर द्यायचं, हा धडा तिथे पक्का झाला. उदाहरण भारताचंच दिलं गेलं. 9 डिसेंबर 2015 ला ट्रायने इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांबाबत चर्चापत्र, म्हणजे नियमाआधी लोकांची मतं मागवणारा कागद, काढलं, त्यात चारच प्रश्न होते. लाखो ईमेल आले, आणि त्यातल्या पुष्कळांनी प्रश्नांना हातच घातला नव्हता, फक्त फेसबुकच्या मोफत इंटरनेट योजनेला पाठिंबा कळवला होता. 8 फेब्रुवारी 2016 ला असे वेगवेगळे दर लावायला बंदी घालणारा नियम झाला. त्यासाठी उपयोगी पडली ती प्रश्न वाचून कारणं देणारी उत्तरं.

परत आले ती शिदोरी घेऊन. मग सहा महिने काहीच झालं नाही. परीक्षा, मूल्यमापन, उन्हाळा. शिकलेलं विसरू नये म्हणून तृतीय वर्षाच्या वर्गासाठी एक दिवसाची कार्यशाळा घेतली. ट्रायचं इंटरनेटचा वेग मोजणारं मायस्पीड ॲप कसं वापरायचं, मोजणीची वेळ आणि जागा कशी लिहायची, एवढंच. त्या मुलांनी नंतर आपापल्या गावांतून मोजण्या आणल्या.

18 ऑगस्ट 2023 ला ट्रायने सेवेच्या दर्जाच्या नियमांचा फेरविचार करणारं चर्चापत्र काढलं. मला ते एका सहाध्यायीने पाठवलं, नाहीतर कळलंही नसतं. म्हणून सांगते, ट्रायच्या संकेतस्थळावरचं चर्चापत्रांचं पान आठवड्यातून एकदा उघडायची सवय लावा. कागद मोठा होता आणि इंग्रजी जड. मी आधी पूर्ण उत्तर मराठीत लिहिलं, कारण विचार करताना माझ्याकडून खोटं इंग्रजी लिहिलं जातं आणि खोट्या इंग्रजीत मुद्दा हरवतो. मग इंग्रजीत उतरवलं, काठमांडूच्या मित्राने तपासलं. सगळ्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही. ज्यांवर माझ्याकडे वही होती तेवढेच घेतले आणि प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर प्रश्नाचा क्रमांक टाकला. तीन गोष्टी मागितल्या. मोजमाप परवाना क्षेत्राच्या खाली, निदान जिल्ह्यापर्यंत उतरवा. तिमाहीऐवजी महिन्याचं मोजा. आणि कुठे सेवा आहे, कुठे नाही, याचा नकाशा कंपन्यांना जाहीर करायला लावा. कंपन्या म्हणतील की नकाशा ही व्यापारी गुपितं उघड करतो, आणि त्यावर माझं म्हणणं असं की सिम विकताना दुकानदार "तिकडे रेंज आहे" असं तोंडी सांगतोच, तेच लेखी द्या.

एकूण साडेचार पानं. पाठवायचा ईमेल चर्चापत्रातच दिलेला असतो, वर्ड आणि पीडीएफ दोन्ही पाठवा. आलेली उत्तरं संकेतस्थळावर जाहीर होतात, म्हणून आजींचं नाव, पाड्याचं नाव, दुकानदाराचा नंबर काहीही लिहू नका. पोच म्हणून काही विशेष येत नाही, आपला पाठवलेला मेल जपून ठेवा. नंतर इतरांच्या उत्तरांवर प्रतिमत द्यायची वेगळी मुदत असते. तिथे मी एका मुद्द्यावर दीड पान लिहिलं. त्यासाठी कंपन्यांची उत्तरं वाचावी लागली आणि तो माझ्या दृष्टीने सगळ्या प्रवासातला सर्वात शिकवणारा आठवडा होता. ओपन हाउस, म्हणजे ट्रायने घेतलेल्या खुल्या चर्चेत मात्र मला भाग घेता आला नाही. परीक्षेचं काम लागलं होतं आणि बदली कोणी मिळालं नाही. ते अजून मनाला लागून आहे.

2 ऑगस्ट 2024 ला नवे नियम आले, 1 ऑक्टोबरपासून लागू. मी ते रात्री मोबाइलवर वाचले. कामगिरी महिन्याची मोजायची, तिमाहीची नाही, त्यासाठी कंपन्यांना सहा महिन्यांची मुदत. जिल्ह्यात सेवा 24 तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई. आणि कोणत्या भागात कोणतं तंत्रज्ञान पोचतं त्याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर टाकायचे. ही मागणी मी एकटीने केलेली नव्हती, ती आधीपासून अनेकजण करत होते आणि माझी साडेचार पानं त्या ढिगातली होती. जिल्ह्यापर्यंत उतरून मोजण्याचा माझा मुद्दा पूर्ण आला नाही.

मे 2025 च्या सुट्टीत मी लॅपटॉप घेऊन पुन्हा त्या पाड्यावर गेले. खाली घरात नकाशा उघडणार कसा, म्हणून शहाद्यातच पडदाचित्रं (स्क्रीनशॉट) काढून ठेवली होती. एका कंपनीच्या नकाशात पाड्यावर रंग होता. दुकानदार भाऊंनी बराच वेळ पाहिलं, बोटाने ओढा शोधला, मग टेकडी शोधली आणि म्हणाले, "हा रंग वरचा आहे मॅडम, झाडापाशीचा. खाली नाही." मग ते उठले, दुकानातली वही आणली आणि गेल्या तीन महिन्यांत मशीन वर न्यावं लागलं त्या तारखा मला एकेक वाचून दाखवायला लागले. मी लिहून घेतल्या. त्या तारखा आणि ती पडदाचित्रं घेऊन आता पुढचा अर्ज तयार करते आहे. यावेळी एक प्रत दूरसंचार विभागाला आणि एक डिजिटल भारत निधीला.